कात्री न लागलेलं वर्ष

प्रिय प्रज्ञा आणि राहुल,

परवा तुमच्या बाबांचा फोन आला. पुढच्या वर्षी तो नोकरी सोडतोय हे तुम्हाला माहीत आहेच. निवृत्तीनंतर कर कमी कसा भरावा हे सांगायला तिकडच्या एका सल्लागाराने तासाभराचे जे पैसे मागितले, ते ऐकून मी आकडा दुसऱ्यांदा विचारला. मग तो म्हणाला, "आई, तू निवृत्त झालीस तेव्हा तुला हे सगळं कुणी सांगितलं होतं?"

मी म्हटलं, "खिल्लारे बाबूंनी. फुकट. वर चहाही त्यांचाच."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, तुम्हा दोघांना खिल्लारे बाबू माहीतच नाहीत. यंदाच्या एप्रिलात मी त्यांच्या खुर्चीवर बसले, आणि मलाही आता अठ्ठ्याहत्तरावं लागलं आहे. त्यामुळे त्यांच्याबद्दल आजच लिहिते.

खिल्लारे बाबू आमच्या ताडकळसच्या शाळेत मुख्य लिपिक होते आणि मी इंग्रजी शिकवत असे. कुणी निवृत्त झालं की निरोपाच्या कार्यक्रमाला सगळे शाल, नारळ, हार घेऊन येत. बाबू रिकाम्या हाताने येत. रांगेतून व्यासपीठावर चढत, डोळे पुसत असलेल्या सत्कारमूर्तीच्या कानाशी वाकत आणि विचारत, "पेन्शन किती इकली?"

पेन्शन विकणं म्हणजे दरमहाच्या पेन्शनचा काही भाग सोडून त्याबदल्यात एकरकमी पैसे घेणं. सरकारी नोकराला त्या पैशांवर कर लागत नाही. समोरचा हुंदका आवरत आकडा सांगे. बाबूंना आकडा पसंत पडला तर ते मान हलवत. नाही पडला तर तिथेच, फोटोग्राफर समोर उभा असताना, म्हणत, "उद्या घरी या. कागद घेऊन या."

आमच्याकडचे निरोपाचे कार्यक्रम बहुतेक एकतीस मेलाच होत, त्याचंही कारण आहे. आमच्या पिढीत आईवडिलांना मुलांच्या जन्मतारखा ठाऊक नसत. शाळेत नाव घालताना मास्तर वय जुळवून एक जून लिहून टाकत. माझी आई म्हणे, तू पोळ्याच्या आदल्या दिवशी झालीस, पण कागदावर मी एक जूनचीच. एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून निम्मी शाळा एकतीस मेला निवृत्त होई, पत्र्याच्या हॉलमध्ये, वर्षातल्या सगळ्यात वाईट उन्हात. माझ्या वर्षी आम्ही चौघं होतो आणि आमच्यात मिळून पंखा एक.

बाबूंना मात्र त्या तारखेचा फार अभिमान. "आपल्या मास्तरांनी लय इचार करून तारीख टाकली, बाई. एप्रिल अन् मे, दोनच पगार. बाकीचं साल पेन्शनीवर. कर आपोआप खाली बसतो." आमच्या मास्तरांनी कसलाही विचार केला नव्हता, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. ते स्वतःही एक जूनचेच, माझ्याआधी चार वर्षं निवृत्त झालेले.

बँक ठेवीच्या व्याजातून जो कर आधीच कापून घेते, त्याला बाबू 'कातरी' म्हणत. कुणी ठेवीचा विषय काढला की त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं आपोआप कात्रीसारखी चालायला लागत. ज्यांना कर लागूच नाही अशा वयस्कर लोकांनी एप्रिलात एक फॉर्म भरून दिला की बँक कापत नाही. त्या फॉर्मला आमच्याकडे 'पंधरा नंबर' म्हणतात. एप्रिलाच्या पहिल्या तारखेपासून बाबू बँकेबाहेरच्या कडुलिंबाखाली घडीची खुर्ची टाकून बसत. जुन्या पँटीच्या कापडाची पिशवी, टाचण्यांची डबी, चार पेनं. आजूबाजूच्या गावांतून निवृत्त मास्तर, पोस्टमन, नर्सबाया, चौकीदार येत आणि आधी बोलणी खात.

"एप्रिल निघून चालला अन् तुमी आता यायलाव? बँक काय तुमची वाट बघत कातरीला धार लावायची थांबलीय का?"

पण अंगठा उठवणाऱ्या म्हाताऱ्या आल्या की त्यांचा अंगठा शाईत धरणं, उठवणं आणि मग खोबरेल लावलेल्या चिंधीने पुसून देणं, हे ते स्वतः करत. पैसे कुणाकडून घेत नसत. उलट आलेल्याला चहा पाजत.

आमचे खेळाचे शेळके सर एकदा छाती काढून आले. "बाबू, फंडाचे सगळे पैसे घरचीच्या नावावर टाकले. आता माझ्यावर टॅक्सच न्हाई."

"कुणी दिले तिला पैसे?"

"मीच की."

"मंग व्याज तिच्या खात्यात पडलं तरी धरायचं तुमच्याच माथ्यावर. सरकारला काय येडं समजायलाव का?"

शेळके सरांचा चेहरा उतरला. बाबूंनी सावकाश चहा संपवला आणि मग म्हणाले, "पर त्या व्याजाचं जे व्याज यील ना, ते वहिनीचं. तिथं सरकार बी हात जोडतं." झालं. सरकार आपल्या बायकोपुढे हात जोडतं असं शेळके सर आठवडी बाजारात महिनाभर सांगत फिरले.

मी निवृत्त झाले तेव्हा माझी फाइल घेऊन त्यांच्याकडे गेले. तुम्हाला माझी सवय ठाऊक आहे, प्रत्येक कागदाला क्रमांक आणि वर अनुक्रमणिका. बाबूंनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली आणि म्हणाले, "बाई, तुमी बाबू व्हायला पायजे व्हतं." सदतीस वर्षांच्या नोकरीत मला मिळालेलं हे सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र. त्यांनी माझ्या जुन्या ठेवी त्या वर्षी मोडू दिल्या नाहीत. "यंदा तुमचे दोन पगार हायत. पुढल्या साली एक बी न्हाई. पुढच्या एप्रिलात मोडा." वेतन आयोगाच्या थकबाकीचं असंच. सगळी एका वर्षात धरायची नाही, म्हणाले, ज्या त्या वर्षाचे पैसे ज्या त्या वर्षाच्या घरी पाठवायचे.

तुमच्या आजोबांनी विचारलं, "बाबू, आमचे एकंदर वाचले किती?"

"साहेब, वाचलेलं मोजू नका. मोजलं की खर्च होतं."

पुढे एका एप्रिलात बाबूंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी बांधलेली, वाकायचं नाही, उन्हात जायचं नाही. त्यांनी मला बोलावलं आणि पिशवी सोपवली. "जयभीम, बाई. यंदा तेवढं तुमी बघा."

मी यादी केली, फॉर्म लावले आणि तपासताना पाहिलं, सगळ्या गावाचे फॉर्म होते, खुद्द बाबूंचा नव्हता. मला वाटलं, ऑपरेशनच्या गडबडीत राहिला असेल. पिशवीत त्यांचं पासबुक होतंच. मी त्यांचा पंधरा नंबर माझ्या अक्षरात भरला, आणि सांगायला आजही लाज वाटते, पण पोचपावतीवर सही हवी असं म्हणून त्यांच्याकडून त्यावर सही घेतली. ज्याने सगळ्यांचं केलं त्याचं आपण गुपचूप करावं, एवढीच हौस. घरी येऊन आजोबांना सांगितलं तर तेही खूश झाले.

पुढच्या वर्षी बँकेने वर्षभराच्या व्याजाचा दाखला दिला. कापलेल्या कराच्या रकान्यात शून्य. आणि त्या दिवशी बँकेत जे झालं ते ताडकळसला अजून आठवतं.

"माझी कातरी कामून लावली न्हाई?" बाबू खिडकीशी ओरडत होते.

मॅनेजर बिचारे नवीन होते, पण बाबूंची कीर्ती ऐकून होते. "बाबूजी, दरवर्षी तुम्ही लोकांची कापू नका म्हणून भांडता!"

"लोकांची! माझी कापायची व्हती. मी फॉर्म दिला न्हाई, दस्तखत केली न्हाई."

मॅनेजरांनी फॉर्म काढून दाखवला. बाबूंनी सही पाहिली, मग अक्षर पाहिलं, आणि फॉर्म परत दिला. बँकेतली रांग हसत होती. ते तसेच उन्हात चालत माझ्या घरी आले.

"हे अक्षर तुमचं हाय."

मी म्हटलं, "हो." आणि आभाराची वाट पाहत उभी राहिले.

ते म्हणाले, "बाई, जरा घरी चला."

बाबूंच्या घरी मी पूर्वी अनेकदा गेले होते, पण नीट पाहिलं नव्हतं. त्यांच्या पत्नी गयाबाई ओसरीवर चिंच फोडत बसल्या होत्या. शेजारी एक हिरवा टेबलफॅन, त्याचं तोंड फक्त त्यांच्याकडे. भिंतीवर दर तासाला सूर वाजवणारं घड्याळ. कोनाड्यात रेडिओ, त्यावर विणलेला रुमाल. गयाबाई म्हणाल्या, "आल्या का बाई? बसा," आणि चहा ठेवायला आत गेल्या. मग बाबू हळू आवाजात बोलले.

"रिटायर झालो त्या साली सगळ्यांचे फॉर्म भरता भरता माझाच ऱ्हायला. कातरी लागली. लय शरम वाटली, कुणाला सांगितलं न्हाई. पुढं रिटर्न भरलं, अन् पोस्टानं रिफंडचा चेक आला. घरची म्हणाली, हे कसले? मी म्हणलो, हे पैसे गेले व्हते, सरकारनं परत पाठवले."

आतून कपबशांचा आवाज येत होता.

"लग्न करून आली तवापासून हिनं 'मला घ्या' म्हणून एक वस्तू मागितली न्हाई, बाई. पगार लेकरांचा. पेन्शन म्हातारपणाची, तिला हात लावायचा न्हाई. लुगडं आणलं तर पोरीला देऊन टाकायची. अन् त्या दिवशी म्हणली, 'गेले व्हते न्हवं? मंग ते घरातले न्हाईत. मला एक पंखा घ्या.'"

पुढच्या वर्षी त्यांनी फॉर्म मुद्दाम भरला नाही. पैसे परत आले, त्यातून घड्याळ आलं. गयाबाईंना घड्याळातलं कळत नसे, पण सूर आवडला म्हणून. मग रेडिओ. मग चांदीची जोडवी. एका वर्षी नुसतंच परभणीला जाऊन दोघांनी स्टुडिओत फोटो काढला आणि दोन-दोन कुल्फ्या खाल्ल्या. ज्या माणसाने पंचक्रोशीतली कात्री बंद केली, तो दर वर्षी स्वतःची मान तिच्यात देत होता.

मी म्हटलं, "बाबू, मग सोपं आहे. न कापलेले पैसे तुमच्याच खात्यात आहेत. तेवढेच काढा आणि रिफंड आला म्हणून सांगा."

बाबूंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला वर्गात उभं केल्यासारखं झालं. "मी तिला कदी खोटं बोललो न्हाई. पैसे खरंच जायचे अन् खरंच यायचे. कापलेच न्हाईत तरी आले म्हणलं, तर ते खोटं."

एवढ्यात गयाबाई चहा घेऊन आल्या आणि आम्ही दोघंही पंख्याकडे बघत बसलो.

त्या दिवाळीच्या सुमाराला गयाबाईंनी रोज पोस्टमनकडे बघितलं. रिफंड आता बँकेत जमा होतो, पोस्टाने येत नाही, हे त्यांना सांगूनही पटलं नव्हतं. मी फराळ घेऊन गेले होते तेव्हा त्यांनी विचारलंच. "आवं, यंदा सरकारचं काई आलं न्हाई का?"

"न्हाई आलं," बाबू म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

गयाबाई नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "नसू द्या. सरकारला बी अडचण आसंल. तुमी जीवाला लावून घेऊ नका." आणि माझ्या ताटातली करंजी उचलून त्यांच्या हातात दिली.

त्याच्या पुढच्या वर्षी कात्री लागली. रिफंड आला आणि गयाबाईंनी सोनेरी काड्यांचा चष्मा घेतला. ती त्यांची शेवटची वस्तू. दोन वर्षांनी त्या गेल्या.

हे कुणाला सांगू नका, असं बाबूंनी मला तेव्हा बजावलं होतं. परवा मी परवानगी मागितली तर म्हणाले, "पोरांना सांगा. तिकडं काय आमचा मॅनेजर बसलाय?"

यंदा त्यांचे गुडघे चालेनात, म्हणून एप्रिलभर लिंबाखाली मी बसले. पिशवी तीच, डबी तीच. खोबरेलाची चिंधी मी नवीन घेतली. शेवटच्या दिवशी बँकेतला तरुण अधिकारी यादी पाहून म्हणाला, "मॅडम, खिल्लारे बाबूंचा एकट्यांचा फॉर्म राहिला."

मी म्हटलं, "राहू द्या. तो आम्ही भरत नाही."

गयाबाई गेल्यावरही बाबू दर वर्षी कापू देतात. मी एकदा विचारलं, आता त्या पैशांचं काय करता? तर म्हणाले, रिफंडाच्या वस्तूंची दुरुस्ती रिफंडातूनच करायची, पेन्शनीला हात लावायचा नाही. एका वर्षी पंख्याचं वायंडिंग भरून घेतलं, एका वर्षी रेडिओचं बटण बदललं. चष्म्याला काही लागत नाही, तो पेटीत आहे.

गेल्या महिन्यात रिफंड जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा मी तिथेच होते. बाबूंनी तो मला वाचायला लावला आणि पंख्याच्या मेकॅनिकला फोन केला.

पंखा अजून चालतो. त्याचं तोंड अजून गयाबाईंच्या जागेकडेच आहे. घड्याळही चालतं, दहा मिनिटं मागे.

तुमची,
आजी