दाऊदभाईंच्या जिभेचा खाडा

लकव्याचा माणूस उभा करण्यात माझा हात धरणारा सौदीतल्या अख्ख्या जुबैलमध्ये कोणी नाही. दाऊदभाईंच्या पायाला मी आठ दिवस तेल चोळलं, नवव्या दिवशी कळलं की तो चांगला पाय होता.

सांगणार कसे बिचारे? तेव्हा जीभ पार लुळी पडलेली.

दाऊदभाई रत्नागिरीकडचे. बावीस वर्षं आमच्या कंपनीत टाइमकीपर. मी कॅम्पचा कुक, त्यांच्याच खोलीत राहतो. सौदायझेशन आलं, म्हणजे परक्यांच्या जागी सौदी माणसं, आणि त्यांची खुर्ची एका सौदीला गेली. पाठोपाठ लकवा. हजेरी घ्यायला माणसं उरली नाहीत, तर ह्या बाबाने स्वतःच्या अवयवांची हजेरी सुरू केली! रोज सकाळी सहाला, डाव्या हाताने, इंग्रजीत, मला अडखळत वाचून दाखवत. हात, खाडा. पाय, हाफ डे. जीभ, खाडा. उजवं बोट जरा हललं की त्यालाच झापायचे, "ले...लेट आलास!"

थेरपी देणारा पण सौदीच. "यल्ला दाऊद, पाय उचल!" म्हणून ओरडायचा. दाऊदभाई मला म्हणायचे, "खु...खुर्ची गेली. आता पायावर पण सौदी मुकादम!"

एका गोष्टीची मात्र मस्करी नाही. गावी भाभींना लकव्याचं कळवलं नव्हतं. "जीभ ह...हजर झाली की बोलेन." तोवर रोज संध्याकाळी भाभींचा फोन मी घ्यायचा आणि सांगायचं, दाऊदभाई रास अल खैरच्या साइटवर आहेत, तिथे नेटवर्क नाही. मी इतक्या झोकात सांगायचो की मलाच खरं वाटायला लागलं.

हजेरीच्या कागदावर चौथी एक ओळ होती, ती मात्र ते वाचून दाखवायचे नाहीत. रोज खाड्याचीच खूण. मला इंग्रजी येत नाही, मराठीचीही बोंबच. वाटलं, माझंच नाव. च्यायला, भरवतो मी, आंघोळ घालतो मी, आणि माझाच खाडा? रागाने डाळीत मीठ घातलं नाही. दाऊदभाई खूश! डॉक्टरने मीठ बंदच केलं होतं.

शेवटी कागद त्या थेरपीवाल्यासमोर धरला. म्हटलं, तूच न्याय कर. त्याने बोट ठेवून वाचलं. हात, पाय, जीभ. मग थांबला.

"जुलेखा? कोण ही?"

भाभींचं नाव.

दाऊदभाईंनी मान खाली घातली. मी कागद परत त्यांच्या हातात दिला आणि माफी मागितली. जन्मात पहिल्यांदा.

त्या संध्याकाळी फोन वाजला, तर त्यांनीच हात पुढे केला. मी स्पीकर लावून दिला. "जु... जु..." कपाळावर घाम. "जु...लेखा."

 पलीकडून भाभी म्हणाल्या, "लकवा ना? माझ्या अब्बांची जीभ अशीच जड झालेली. मला कळायचं नाही काय? बावीस वर्षं तुमच्या आवाजाशीच संसार केलाय मी."

दाऊदभाईंचे डोळे वाहत होते आणि डावा हात पेन शोधत होता. चौथ्या ओळीत त्यांनी हजेरी लावली.

मी छाती फुगवून पुढे झालो. "भाभी, मी सदू. यांची सगळी सेवा मीच..."

"ओळखलं. रास अल खैरला नेटवर्क नाही, पण कुकरच्या शिट्ट्या बऱ्या ऐकू येतात! सदूभाऊ, तुम्ही भातच शिजवा. खोटं बोलणं तुम्हाला जमायचं नाही."