दिलावरचाचांचं दुसरं दार

आमच्या शेजारच्या दिलावरचाचांच्या स्वयंपाकघराला दोन दारं आहेत. एक लाकडी, सगळ्यांकडं असतं तसं. त्याच्या अलीकडं बोळकांडीच्या तोंडाशी दुसरं, लोखंडी, सरकत्या जाळीचं. दोन्ही एकदम उघडायची नाहीत, हा घरचा कायदा. शमीमचाची चहा घेऊन निघाल्या की चाचा बैठकीतून ओरडतात, "थांब! जाळी लावू दे आदी!" जाळी लागते, मग आतलं दार उघडतं. चाची बोळकांडीत येतात, आतलं दार लावतात, तेव्हा कुठं जाळी सरकते. तोवर चहावर साय धरलेली असते.

चाचांचं कुपवाडला ग्रिल-गेटचं वर्कशॉप आहे. आणि त्यांची थोरली, रुबीना, विमान चालवते. ही गोष्ट ते अनोळखी माणसाला दुसऱ्याच वाक्यात सांगतात. पहिलं वाक्य 'बसा' एवढंच असतं.

एकदा सुट्टीवर आलेल्या रुबीनानं सांगितलं, की वैमानिकांच्या खोलीचं दार इतकं भक्कम असतं की गोळीही आत जात नाही. चाचा खूश झाले. मग गंभीर होऊन म्हणाले, "अन् लघवीला लागलं तर?"

हा प्रश्न बापच विचारू जाणे. रुबीना हसली. म्हणाली, "तेव्हा दार उघडावंच लागतं. तेवढ्यापुरती बाहेर वाटेत खाण्याची ट्रॉली आडवी लावतात. परदेशात काही नव्या विमानांना आता दुसरं दार बसवायला लागलेत. ते आधी लावायचं, मग आतलं उघडायचं."

चाचांना पुढचं काही ऐकूच आलं नाही. "ट्रॉली? चहाच्या गाड्याच्या भरवशावर पोरगी सोडायची व्हय?"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाळी बनवायला घेतली. घरातच का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "चूक कुठं हाय ते हितं कळाय पायजे, गड्या. वर आभाळात फॅब्रिकेटर कुठनं गावायचा?"

चूक ईदला कळली. आम्ही सगळे वाट्या घेऊन जाळीबाहेर, चाची शीरखुर्म्याचं पातेलं घेऊन बोळकांडीत, आणि कडी अडकलेली. चाचा मात्र आनंदात. "बघा! कुणाच्या बापाला उघडायची न्हाई!"

"आवं, बाप तुमीच हाय! उघडा!" आतून चाची कडाडल्या.

शेवटी त्यांनी जाळीच्या फटीतून पळीनं शीरखुर्मा वाढला. निम्मा वाटीत, निम्मा माझ्या झब्ब्यावर. कडी कापून काढल्यावर चाचांनी नवी बसवली, पण जाळी काही काढली नाही.

गेल्या महिन्यात रुबीना आली. बोळकांडीतून आत-बाहेर करताना हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अब्बा, विमानाला असं कुणी घरचं दार लावू देत नाही."

"म्हाईत हाय मला. पण त्या ट्रॉलीपाशी कोण थांबतंय? चांगला पैलवान हाय न्हवं?"

"पैलवान कुठला? केबिन क्रूमधली एखादी मुलगी असते. परवा होती ती आष्ट्याची. माझ्यापेक्षाही लहान."

"हातात काय आसतंय तिच्या?"

"काही नाही."

"अन् कुनी अंगावर आलंच तर?"

"दार बंद होईस्तोवर तिनं हलायचं नाही, अब्बा."

रात्री जेवताना चाचींनी दोन्ही दारं सताड उघडी ठेवून भाकरी आणल्या, तरी चाचांचं लक्ष गेलं नाही.

सकाळी रुबीना पुण्याला निघाली. चाचा गाडीपाशी आले ते भडंगाच्या दोन पिशव्या घेऊन. "ही तुजी. ही त्या भाईर थांबणाऱ्या पोरीची."

"अब्बा, दर वेळी वेगळी असते ती."

"मग जी आसंल तिला दे. अन् देताना नाव इचार."

आता तिचा फोन आला की चाचा हवापाणी विचारत नाहीत. "आज भाईर कोण हुतं?" म्हणतात. रुबीना नाव सांगते. चाचा ते एकदा स्वतःशीच म्हणून बघतात, आणि मग लेकीला विचारतात, "जेवलीस का?"