नानांचा सिंगापूर प्रोग्राम

नानांनी स्वतःच्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांना जन्मसाल विचारून पंगतीला बसवलं होतं. आधी वयाने ऐंशीच्या पुढचे, मग सत्तरीतले, असं करत करत खाली. नवरदेवाच्या मित्रांना दुपारी चारला जेवण मिळालं. नवरदेवाचा मामा भडकला, तेव्हा नाना त्याला शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. तुमची लागण उशिराची हाय, त्याला मी काय करू?"

नाना हे आमचे शेजारी, साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातून निवृत्त झालेले. कुणाचा ऊस कोणत्या दिवशी तोडायचा, त्याचा प्रोग्राम लावण्यात त्यांची हयात गेली. लागणीची तारीख बघायची आणि त्याच क्रमाने तोडणीची टोळी पाठवायची. मोठमोठ्यांचे फोन यायचे, पेढ्यांचे पुडे यायचे. पुडे परत जायचे आणि नंबर जागेवर राहायचा. असा दुसरा माणूस तालुक्यात दाखवा, मी माझं झेरॉक्सचं दुकान बंद करतो. निवृत्तीनंतर ऊस सुटला, प्रोग्राम मात्र सुटला नाही. थोरला नातू त्यांच्या लेखी आडसाली, म्हणजे आधी लावलेला ऊस, धाकटी नात सुरू हंगामाची, म्हणजे उशिरा लावलेली, आणि स्वतः नाना व त्यांची बायको, आमच्या काकू, म्हणजे खोडवा, एकदा तोडून झाल्यावर बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस.

गेल्या वर्षी त्यांच्या पुण्याच्या मुलाने, संदीपने, मे महिन्यात सगळ्यांनी सिंगापूरला जायचं ठरवलं. चहूकडे समुद्र, मधे शहर आणि पोरांसाठी भलंमोठं थीम पार्क. नानांनी त्याचं 'पाळण्यांचा कारखाना' असं बारसं केलं आणि दुसऱ्याच दिवशी कोल्हारच्या स्टँडसमोर माझं दुकान आहे, तिथे येऊन बसले.

"विलास, त्या पाळण्यांच्या कारखान्याचा नकाशा काढ. मोठा काढ. संदीपला म्हणावं, तू फक्त इमानात बस, प्रोग्राम मी लावतो."

सहा कागद चिकटवून नकाशा झाला. मग पुढचे पंधरा दिवस माझा कॉम्प्युटर त्यांचाच होता. कोणत्या पाळण्याला सकाळी गर्दी, कुठे दुपारी सावली, सगळं पेन्सिलीने टिपलं जात होतं. सातबारा काढायला आलेली माणसं मागे उभी राहून उलट्यासुलट्या फिरणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ बघायची आणि सल्ले द्यायची. माझा धंदा बसला, पण दुकानात गर्दी कधी नव्हती एवढी.

तिथे प्रत्येक पाळण्याला तासभर रांग असते असं कळल्यावर नानांनी घरातल्या जुन्या चपलांचे आठ जोड बाजूला काढले. रेशनच्या रांगेत आपण चप्पल ठेवून सावलीला बसतोच की. तेच तिथे करायचं.

"नाना, तिथे चपला उचलून नेतील," मी म्हणालो, "आणि पाठोपाठ तुम्हालाही."

नानांनी पेन्सिल खाली ठेवली. "म्हंजी सवता उभं ऱ्हावं लागतं? समद्यांनी?"

"सगळ्यांनी."

"मंडळीला उभं न्हाई ऱ्हावत रे," ते म्हणाले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चपलांचा सगळा खटाटोप काकूंसाठी होता.

काकूंचे गुडघे गेलेले. त्यांनी पहिल्या दिवसापासून मला बजावलं होतं, "माझं काय काढू नको रे विलास. माझ्यापायी पोरं पाळणं सोडून बाकड्यावर बसतील. मी घरी बरी." संदीपही चाचरत म्हणाला होता की आईला झेपणार नाही. चाकाच्या खुर्चीचं मीच सुचवून पाहिलं, तर काकू माझ्यावरच उखडल्या. "चालत्याबोलत्या मानसाला खुर्चीत घालून फिरवायचं? मग तर मी येतच न्हाई."

हे मी नानांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मग माझंबी तिकीट काढू नको." ते घरी गेले आणि चार दिवस दुकानाकडे फिरकले नाहीत. नकाशा गुंडाळून मी कपाटावर टाकला. खरं सांगतो, दुकान ओकंबोकं वाटायला लागलं.

पाचव्या दिवशी नाना आले ते लंगडत. आल्या आल्या म्हणाले, "टूरवाल्यांचा खुर्चीचा अर्ज भर."

"काकू तयार झाल्या?"

"नाव माझं टाक."

आदल्याच दिवशी हा माणूस प्रवरेच्या पुलावरून ताडताड चालत येताना मी पाहिला होता.

नाना जवळ सरकले. "ऐक, प्रोग्राम हाय. खुर्चीत मी बसनार. ढकलायला तिला लावनार. खुर्चीला धरून चाललं की गुडघ्यावर भार येत न्हाई, दवाखान्यात बघितलंय मी. अन् अर्ध्या अर्ध्या तासानं म्हनायचं, बसून कंबर अवघडली, तू बस जरा, मी पाय मोकळं करतो."

"आणि त्यांना कळलं तर?"

"कसं कळंल? चाळीस वर्सांच्या संसारात मी कदी खोटं बोललोय का तिच्याशी?"

मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. भल्याभल्यांच्या फोनला न बधलेला हा माणूस बायकोसाठी लंगडत होता, आणि तेही त्याला धड जमत नव्हतं. अर्जात कोणता गुडघा असं विचारलं होतं. नानांनी बराच वेळ विचार करून एक सांगितला. मी लिहिला.

पुढच्या आठवड्यात काकू एकट्याच दुकानात आल्या, व्हिसासाठी फोटो आणि पासपोर्ट घेऊन.

"जाते बाबा," त्या म्हणाल्या. "ह्यांचं गुडघं धरलेत. परमुलखात ह्यांना कोन बघनार?"

मी मान खाली घालून पासपोर्ट स्कॅन करायला लागलो.

"विलास, मला येडी समजू नको. सोमवारी डावा पाय वढत हुते, काल उजवा."

मी पासपोर्ट बाजूला ठेवला. "मग तुम्ही त्यांना काही म्हणाला नाहीत?"

"काय म्हनायचं? जल्मात पहिल्यांदा खोटं बोलत्यात, अन् तेबी माझ्यासाठी. बोलू दे की." काकूंनी डोळ्याला पदर लावला, मग काउंटरवर वाकून हळूच म्हणाल्या, "अर्जात कुठला पाय लिवलाय, तेवढं सांग. घरी मी आठवन करून देत जाईन."