विश्रांतवाडीतील ड्रॅगन-संवर्धन

कोणत्याही राष्ट्राची प्रगती तिथल्या म्हाताऱ्या माणसांना दुपारी काय काम असतं, यावरून मोजावी. या कसोटीवर पुणे शहराने उदारीकरणानंतर मारलेली मजल थक्क करणारी आहे. पूर्वी निवृत्त मनुष्य दुपारी झोपत असे. आता त्याच्याकडे मुलांनी मागे ठेवलेलं काहीतरी सांभाळायला असतं : बंद फ्लॅटची किल्ली, गाडी (अधूनमधून नुसती सुरू करून बंद करायची), ट्रेडमिल, कुत्रा. या परंपरेचं शिखर म्हणजे दाढीवाला ड्रॅगन.

हा ड्रॅगन आग ओकत नाही. हातभर लांबीचा सरडा असतो. गळ्याखाली काटेरी दाढी असते आणि ती राग आला की, किंवा मादी दिसली की, काळी पडते. ऑस्ट्रेलियाचं सरकार त्याला देशाबाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे तो सगळीकडे मिळतो.

माझा भाऊ प्रज्ञेश हिंजवडीत नोकरीला असताना त्याने अशी एक जोडी घेतली. त्यांच्यामुळे स्ट्रेस कमी होतो, म्हणाला. पुढे कंपनीने त्याला अमेरिकेला पाठवलं, सरड्यांची तिकडे सोय होईना, आणि काचेची पेटी विश्रांतवाडीला वडिलांकडे आली. वडील, तात्याराव, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून एकटे. त्यांना सोबत होईल, असं प्रज्ञेशचं मत पडलं. (वडिलांचं मत मागवलेलं नव्हतं.)

वडिलांनी सरकारी नोकरी केलेली असल्यामुळे समोर येईल ते सांभाळायची त्यांना सवय होती. नराचं नाव त्यांनी सुपरिंटेंडंट ठेवलं, कारण तो काही न करता मान हलवायचा. मादीला मॅडम म्हणत. अडचण एकच आली. हा प्राणी जिवंत रातकिडे खातो, आणि आमचं घर रोज पंचशील म्हणणारं. त्यावर प्रज्ञेशने रातकिडे ऑनलाइन येतात असा खुलासा केला. तेव्हापासून वडील डोळे मिटून रातकिडे सोडत. सुपरिंटेंडंट डोळे उघडे ठेवी.

पेटीसमोर प्रज्ञेशने कॅमेरा बसवून घेतला. तिकडे सकाळ झाली की तो फोन करी.

“बाबा, टेम्परेचर?”

“अडतीस. मला जरा दोन दिवस—”

“बाबा, थोडे बाजूला व्हा ना. दिव्याखालचा बास्किंग स्पॉट दिसत नाहीये.”

“झालो.”

शेजारच्या विजयमालाताईंना हे बघवत नसे. “तात्याराव, अहो, पोरगा अमेरिकेत आणि तुम्ही सरड्याला ऊन देत बसता?”

“ऊन नव्हे, यूव्हीबी,” वडील म्हणत. “उन्हात ते मिळतं, पण उन्हाला स्विच नाही.”

प्रज्ञेशच्या इकडे येण्याचा विषय वडिलांनी एकदाच काढला. प्रज्ञेश म्हणाला, “प्रोजेक्ट संपू दे. आणि हे बघा, पिल्लं निघाली ना, की नक्की येतो. मला ते बघायचंच आहे.” तो हे फोन ठेवता ठेवता म्हणाला असावा. वडिलांनी ते आदेश म्हणून घेतलं. खात्यात त्यांना आदेश असेच मिळत.

यापुढे जे घडलं त्याला ड्रॅगन-संवर्धन म्हणतात. (मी वारज्याला राहते, म्हणजे परदेशात नाही. माझ्या येण्यासाठी कोणाला अंडी घालावी लागत नसत.) दर रविवारी मी गेले की वडील प्रगती सांगत. सुपरिंटेंडंटची दाढी काळी पडली. मॅडमने एक हात वर करून सावकाश हलवला, म्हणजे तत्त्वतः मान्यता. मॅडमने वाळू उकरून अंडी घातली. पहिली खेप गुरुवारी गेली. गुरुवार हा पुण्यात वीज दुरुस्तीचा वार आहे, आणि अंड्यांना एकोणतीस अंश सतत लागतात. वडिलांनी गरम पाण्याच्या पिशव्या लावल्या, गोधडी घातली, तरी बुरशी आली. प्रज्ञेश हळहळला. त्याने तिकीट काढलेलं नव्हतं, त्यामुळे नुकसान झालं नाही.

दुसऱ्या खेपेला वडिलांनी इन्व्हर्टर घेतला आणि तो अंड्यांच्या पेटीला जोडला. मे महिना होता.

“बाबा, पंखा तरी जोडा त्याच्यावर,” मी म्हटलं.

“भार येतो. आणि मला घाम येतो, आम्रपाली. अंड्यांना येत नाही.”

शास्त्रीयदृष्ट्या हे बरोबर होतं.

त्याच महिन्यात एका गुरुवारी संध्याकाळी मला प्रज्ञेशचा मेसेज आला : ‘बाबांना फोन करून उठव ना. कॅमेऱ्यासमोर खुर्चीतच झोपलेत. तासभर पेटी दिसत नाहीये.’

मी फोन केला. मग विजयमालाताईंना केला. मग रिक्षा केली.

कंपनी वडिलांसाठी तीन दिवसांची रजा देते आणि प्रवासात दोन जातात, तेव्हा प्रज्ञेश अंत्ययात्रेला ऑनलाइन हजर राहिला. कॅमेरा आधीच लावलेला असल्याने वेगळी व्यवस्था करावी लागली नाही. तो फक्त वळवायचा होता. तो प्रथमच वळवला.

अंडी एकोणतीस अंशावरच होती. महिन्याभरात ती फुटली आणि प्रज्ञेश आला. शब्दाचा पक्का आहे. विमानतळावरून थेट पेटीपाशी गेला, बोटाएवढी पिल्लं बघितली, आणि वडिलांच्या खुर्चीत बसला. मग म्हणाला, “ताई, बाबांना हे आवडायचं ना गं?”

मी हो म्हटलं. पाहुणा होता.

एकत्र ठेवली तर ही पिल्लं एकमेकांच्या शेपट्या खातात, म्हणून ती वाटावी लागतात. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं आणि संध्याकाळपर्यंत पिल्लांपेक्षा मागणी जास्त झाली. खराडी, बाणेर, टोरांटो. सगळ्यांना पिल्लू आई-वडिलांसाठी हवं होतं. ते काय खातं, हे कोणी विचारलं नाही. कॅमेरा सोबत मिळेल का, हे सगळ्यांनी विचारलं.

एक पिल्लू अजून शिल्लक आहे. शांत आहे, हात हलवतं. आपण इथवर वाचलंत, म्हणजे आपल्यालाही कोणाला तरी सोबत द्यायची असणार. पत्ता कळवा, पोहोचतं करू. घरच्यांना आवडेल का, ही शंका मनात आणू नका. काय म्हणताय ते कळायच्या आधीच ते हो म्हणतील. आपला फोन आलाय, एवढंच त्यांना पुरतं.