नेटपाशी साहेब

साहेबांच्या जोडीदाराचा पाय मुरगळला आणि ऑफिसच्या टेनिस सामन्यासाठी जावक कारकुनाचं नाव पुढे आलं. दोष त्याचाच होता. चहाच्या वेळी गप्पा रंगल्या की तो आपल्या टेनिसबद्दल बोलत सुटायचा. प्रत्यक्षात तो आजवर फक्त घरामागच्या भिंतीशी खेळला होता, आणि भिंतीने कधी तक्रार केली नव्हती.

दुहेरीत सर्व्हिस करणारा मागच्या रेषेवर उभा राहतो आणि त्याचा जोडीदार पुढे नेटपाशी, त्याच्याकडे पाठ करून. म्हणजे चेंडू साहेबांच्या डोक्याजवळून जाणार. त्या डोक्यात सध्या बदल्या घोळत होत्या, आणि दूरच्या शाखेसाठी कारकुनाचंच नाव घेतलं जात होतं. बायकोची शाळेतली नोकरी इथे, आईच्या गुडघ्याचे उपचार इथे. बदली झाली तर घराचे दोन तुकडे होणार, या विचाराने त्याची झोप उडाली.

बायकोच्या मते टेनिस हा सगळा मनाचा खेळ. "तुम्ही घाबरता म्हणून हात आखडतो," ती म्हणाली. "साहेब तिथे नाहीतच असं समजा आणि बिनधास्त मारा."

मेहुण्याला हे साफ नामंजूर होतं. तो कॉलेजात खेळलेला. नुसत्या मनाने चेंडू नेटपलीकडे जात नाही, असं त्याचं म्हणणं. कोपर उंच हवं, मनगट सैल हवं. त्याने ते मनगट इतकं सैल करून घेतलं की सकाळी कारकुनाच्या हातून चहाचा कप निसटला. रोज संध्याकाळी बहीणभावाची जुंपायची आणि कारकून मधे रॅकेट धरून उभा असायचा. आठवडाभरात त्याच्या सर्व्हिसला खरोखरच जोर आला. दिशा तेवढी आली नाही. त्यामुळे भीती उलट वाढली, कारण पूर्वी चेंडू निदान हळू तरी जायचा.

सामन्याला विभागीय साहेब पाहुणे म्हणून आले होते. त्यांचं आणि साहेबांचं हाडवैर शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. सर्व्हिस कारकुनाकडे आली. साहेब तिथे नाहीत असं समजायचा त्याने प्रयत्न केला, पण समोर त्यांची चांगली रुंद पाठ होती. शेवटी त्याने डोळे मिटून घेतले, कोपर उंच केलं, मनगट सैल सोडलं आणि जीव खाऊन चेंडू मारला.

आवाज नेटचा नव्हता. त्याने डोळे उघडले तेव्हा साहेब मान धरून खाली वाकले होते. सगळे साहेबांकडे धावले, आणि एकटे विभागीय साहेब पोट धरून हसत होते. दुसऱ्या सर्व्हिसला साहेब सावधपणे बाजूला सरकले. दुर्दैवाने चेंडूही त्याच बाजूला वळला. पुढचा सगळा सामना साहेबांनी रॅकेट मानेमागे धरून काढला, आणि अर्थातच ते हरले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून बसायला सांगितलं, तेही प्रेमाने. कारकून खुर्चीच्या कडेवर टेकला. मान वळत नसल्यामुळे साहेबांनी अख्खी खुर्चीच त्याच्याकडे फिरवली.

"तुमची बदली होणार नाही," साहेब म्हणाले. "पुढच्या वर्षी विभागीय साहेब स्वतः खेळायला उतरणार आहेत. त्यांचे जोडीदार तुम्ही."

"साहेब, पण काल ते चुकून लागलं."

"माहीत आहे मला. म्हणून तर वर्ष देतोय. नेम बसवा."

घरी बदली टळल्याचं ऐकून बायकोचे डोळे भरून आले. तिचा भाऊ पाठ थोपटायला उठला. मग कारकुनाने बाकीचं सांगितलं, आणि माणसाच्या मानेवर चेंडू नेमका कसा मारतात, असं मेहुण्याला विचारलं. मेहुणा परत खाली बसला. त्याने बहिणीकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि टेनिसच्या बाबतीत त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

"दूरची शाखा तशी काही वाईट नसेल हो," बायको हळूच म्हणाली.