उदय भुवडचा पाणीवाला कॉम्प्युटर

उदय भुवडचं एक ठाम मत होतं. जगातली कुठलीही वस्तू बिघडत नसते, ती फक्त चुकीच्या माणसाच्या हातात असते! हे मत तो रिक्षावाल्याला ऐकवायचा, वायरमनला ऐकवायचा, आणि एकदा तर दाढेत सिमेंट भरून घेताना डॉक्टरलाही ऐकवलं होतं. तेही तोंड उघडं असताना!

भाईंदर पश्चिमेला, मोरव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुसऱ्या मजल्यावर त्याचं घर. घरात बायको पायल, आई इंदूबाई, आणि आतल्या खोलीत धंदा. धंदा म्हणजे लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग. तेव्हा व्हीसीडी मागे पडून डीव्हीडीचे दिवस आलेले. नवरा-नवरी बदामात फिरताहेत, मागे काश्मीर, मध्येच गुलाब फुलतोय, असलं सगळं उदय करायचा आणि झकास करायचा. फक्त मे महिन्यात कॉम्प्युटर तापायचा आणि ऐन सप्तपदीत फट्‌कन बंद पडायचा. वधूवर बिचारे एक पाय उचलून तसेच उभे!

मग कुठेतरी इंटरनेटवर त्याने वाचलं, की परदेशातली मंडळी कॉम्प्युटर पाण्याने गार ठेवतात. झालं! आठवडाभरात फिश टँकचा पंप आला, गॅरेजमधून भंगार गाडीच्या हीटरची जाळी आली, नळ्या आल्या, आणि इंदूबाईंची लोणच्याची बरणी फडताळातून गायब झाली. बरणीतलं पाणी पंपाने चढायचं, प्रोसेसरवर बसवलेल्या तांब्याच्या ठोकळ्यातून फिरून तापायचं, जाळीत जायचं, तिथे दोन छोटे पंखे त्याला वारा घालायचे, आणि गार होऊन स्वारी परत बरणीत. पाण्यात गाडीचं हिरवं कूलंटही घातलेलं. आणि या सगळ्याच्या पुढे, प्लायवूडच्या तुकड्यावर, दोन गोल बटणं. एक पंपाच्या स्पीडचं, एक पंख्यांच्या.

"नुसतं पाणी काय, कुणीही फिरवेल," उदय पायलला म्हणाला. "खरी कला स्पीडमध्ये! पंप वाढवला की पंखा उतरवायचा, पंखा वाढवला की पंप. पेटी-तबल्यासारखं जमलं पाहिजे."

"बरणी घेताना आईंना विचारलंत का?"

"कलेसाठी घेतलीय!"

पायलने वाण्याच्या यादीत नवी बरणी लिहून टाकली. लग्नाला सहा वर्षं झाली होती.

आता खरी परीक्षा आली ती रविवारी. चौक गावच्या कोळीवाड्यातल्या धाकूशेटच्या मुलीचं, सलोनीचं लग्न झालेलं. धाकूशेटची स्वतःची बोट, माणूस मोठ्या दिलाचा. पण सलोनीचा सख्खा भाऊ जितेश मालवाहू जहाजावर नोकरीला, आणि जहाज अडकल्यामुळे तो बहिणीच्या लग्नाला पोचूच शकला नव्हता. तो आला शुक्रवारी आणि सोमवारी पहाटे परत निघणार. म्हणून रविवारी संध्याकाळी अंगणात पडदा लावून सगळ्या आळीला लग्न दाखवायचं ठरलं होतं.

सकाळीच धाकूशेटचा फोन आला. "उदयभाव, पिक्चर व्हनार ना? पोऱ्यानं बहिनीचं लगीन बगलं न्हाय. आज न्हाय बगलं त पुना वरीसभर येत न्हाय तो."

"धाकूशेट, तुम्ही खुर्च्या मांडा! बाकी माझ्यावर सोडा."

फोन ठेवून उदयने कॉम्प्युटरला अख्खं लग्न तयार करायच्या कामाला लावलं. आता मशीन दिवसभर न थांबता चालायला हवं होतं. मध्ये बंद पडलं की पहिल्यापासून सुरुवात, म्हणजे संध्याकाळ गेली! उदयने पंप फुल केला. बरणी गुडगुड करू लागली. तापमानाचा आकडा खाली उतरला. उदयने चहात बिस्कीट बुडवलं आणि शांतपणे खाल्लं.

पण ती गुडगुड भिंतीपलीकडे पोचली, आणि भिंतीपलीकडे राहत होते सोसायटीचे चेअरमन, सहादेव सकपाळ. बँकेतून रिटायर झालेले. बिल्डिंगला शुक्रवारपासून पाणी नव्हतं, आणि पाणी आलं नाही म्हणजे कुणीतरी लाइनला मोटर लावून ओढतंय, असा सहादेवकाकांचा पक्का समज! मोटर पकडण्यासाठी ते जिन्यात चप्पल काढून चालायचे. त्यांनी भिंतीला कान लावला. गुडगुड. गुडगुड!

दहा मिनिटांत बेल वाजली. दारात काका आणि त्यांच्यामागे समोरच्या घरातल्या हंसाबेन, हातात रिकामी कळशी, पुरावा म्हणून.

"उदय, मोटर कुठेय?"

"कसली मोटर?"

"आम्हाला शिकवू नकोस! सरक."

काका तडक आतल्या खोलीत. तिथे नळी, पाणी, पंप, सगळा मुद्देमाल समोरच! हंसाबेननी कपाळाला हात लावला. "हाय हाय! हमारे घर में पीने को नहीं, और ये भाई कॉम्प्युटर को पिलाता है!"

दुसरा कुणी असता तर गडबडला असता. उदयने दोन्ही हात खिशात घातले आणि खुर्चीकडे बोट... नाही, बोट खिशात होतं, मानेने खूण केली. "बसा काका. समजावतो."

"हे पाणी येतं कुठून?"

"बरणीतून."

"आणि जातं कुठे?"

"बरणीत."

"मग घरातून निघतंच कशाला?"

"गार व्हायला, काका! तुम्ही नाही का जेवून शतपावलीला जात? निघता घरून, येता घरीच."

हे काकांना पटलं. उदयने मग रीतसर प्रयोगच लावला. पंप कमी केला, आकडा वर चढला. पंखे वाढवले, आकडा उतरला. पुन्हा पंप, पुन्हा पंखा. हंसाबेन तोंडात बोट घालून बघत राहिल्या. काकांनी तर "जरा मी फिरवू?" असं लहान मुलासारखं विचारलं. उदयने त्यांना दोनदा फिरवू दिलं. मग सगळे बाहेर चहाला बसले आणि उदय सांगू लागला, की मोठमोठ्या कंपन्या पण असंच करतात, फक्त त्यांना इतकं सफाईने जमत नाही.

तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं रे!"

पाणी आलं म्हटल्यावर काय होतं ते मी सांगायला नको. पायल बादल्यांकडे धावली, हंसाबेन कळशी घेऊन घरी पळाल्या, काका वॉल्व्ह बघायला खाली. आणि इंदूबाई? इंदूबाई रत्नागिरीच्या. ताजं पाणी आलं की घरात शिळ्या पाण्याचा थेंब राहता कामा नये, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. माठ ओतला, पिंप ओतलं, तांब्या-भांडं ओतलं. ओतत ओतत त्या आतल्या खोलीत पोचल्या आणि थबकल्या.

"अगो बाई! माझी बरणी! नि पाणी बघ कसलं, हिरवंगार! डास होतील मेले."

त्यांनी नळ्या उचलून बाजूला ठेवल्या, पाणी मोरीत ओतलं, बरणी पावडर लावून घासली आणि उन्हात पालथी घातली. पंप मात्र आपला प्रामाणिकपणे फिरत राहिला. कोरडाच!

उदय बादल्या लावत असताना आतून पीं-पीं-पीं सुरू झालं. तो धावला. पंपातून जळका वास येत होता, आकडा सरसर चढत होता, आणि लग्न अर्ध्याच्या पुढे आलेलं होतं.

"आई! पाणी काय केलंस?"

"ओतलं. शिळं होतं."

उदय मटकन खाली बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काही सुचेना. आता अंगणात खुर्च्या मांडलेल्या असतील, जितेश बॅग भरून बसला असेल. कोणत्या तोंडाने सांगायचं, की आईने पाणी ओतलं?

काका पीं-पीं ऐकून वर आले होते. त्यांना सगळं कळलं. काकांचा मुलगा दुबईला, त्याच्याविना घरातलं एक कार्य उरकावं लागलं होतं. ते एकदम म्हणाले, "पंप गेला तर गेला! पाणी वरून सोडलं तर?"

उदय ताडकन उठला. गेलेला सगळा आत्मविश्वास व्याजासकट परत आला. "तेच सांगणार होतो!"

जळका पंप काढला. काका बादली घेऊन स्टुलावर चढले, एक बादली टेबलामागे खाली. उदयने तोंडाने ओढून नळीत पाणी सुरू केलं आणि टेबलामागे हात घालून ती जोडाला लावली. वरची बादली रिकामी होईल तसं पायल खालचं पाणी तांब्याने वर ओतणार. हंसाबेनना बोलावून पंख्यांच्या बटणावर बसवलं. बादली उंच धरली की पाणी जोरात, खाली घेतली की हळू. म्हणजे पंप झाले चेअरमन सहादेव सकपाळ!

"काका, वर! अजून वर... हां, बास. हंसाबेन, पंखा थोडा कम!"

"कम किया!"

"इतना नहीं!"

काकांचे दंड दुखू लागले. घाम बनियनमधून निथळू लागला. इंदूबाईंना कसंतरीच वाटलं. आपल्यापायी हे सगळं! त्यांनी हॉलमधला टेबलफॅन आणला, कॉम्प्युटरशेजारी काकांच्या दिशेने लावला आणि फुल सोडला. काकांना बरं वाटलं.

आणि काय सांगू! आकडा थांबला. मग उतरला. पीं-पीं बंद!

"बघितलंत?" उदय गरजला. "स्पीड! सगळा खेळ स्पीडचा! काका, तुमच्यासारखा पंप बाजारात मिळणार नाही!"

काकांनी मग बादली खाली ठेवायचं नावच काढलं नाही. दुपार गेली, चहा तोंडाशी धरून पाजला, पण हात वरच. उन्हं कलताना लग्न पूर्ण झालं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी रिक्षा करून उदय, पायल आणि काका डीव्हीडी घेऊन चौकला पोचले. पडद्यावर हळद लागली, वाजंत्री वाजली, नाच झाला. पाठवणीला सलोनी बापाच्या गळ्यात पडून रडली, तसा खुर्चीवर बसलेला तो रांगडा जितेश दोन्ही हातांनी तोंड झाकून हमसाहमशी रडला. धाकूशेटनी उदयला मिठीच मारली. "उदयभाव, माज्या पोराला लगीन दावलंस!" काकांनाही भरून आलं. मग ते तिथल्या माणसामाणसाला दंड दाखवून सांगू लागले, की हे सगळं कशावर चाललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायल टेबलामागची बादली उचलायला गेली आणि तिथेच वाकून राहिली.

"अहो, इकडे या. ही नळी मागच्या जोडातून निसटलीय."

"आत्ता निसटली असेल."

"हो का? मग या जोडाच्या आतल्या नळ्यांत अजून ते कालचं हिरवं पाणी कसं? पाणी वरच्या बादलीतून थेट खालच्या बादलीत पडत होतं. कॉम्प्युटरला थेंब लागला नाही!"

उदयने जोड बघितला. नळी बघितली. मग हळूच त्याची नजर टेबलफॅनकडे गेली. काकांकडे जाता जाता त्याचा सगळा वारा मधल्या, नळ्यांसाठी उघड्या ठेवलेल्या कॉम्प्युटरवरून गेला होता, दिवसभर!

"कुणाला बोलू नकोस," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी नवं लग्न कामाला लावलं आणि बेल वाजली. दारात काका, बनियन, खांद्यावर नॅपकिन, मागे बिल्डिंगमधली आणखी दोन माणसं. "उदय, आज दुसरी शिफ्टपण आणलीय. हात दुखले तरी हरकत नाही, पण काम अडता कामा नये!"

पायलने पदराने तोंड झाकलं आणि मुकाट्याने टेबलफॅन आणून लावला. काका स्टुलावर चढले, बादली डोक्यावर धरली आणि हुकुमाची वाट बघू लागले. उदयने एकदा पायलकडे पाहिलं, एकदा काकांच्या त्या उजळलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि घसा खाकरला.

"काका, जरा खाली घ्या," तो गंभीरपणे म्हणाला. "स्पीड जास्त होतोय."