श्रोता लाइनवर आहे

माणूस आपला आपण जगतो खरा, पण कसं जगायचं हे कुणीतरी माइकसमोर बसून सांगितल्याशिवाय त्याची खात्री पटत नाही. ही सामाजिक गरज ओळखून रेडिओ केंद्राने गाणी बंद केली आणि दिवसभर नुसतं बोलण्याचं धोरण स्वीकारलं. सकाळी ‘उठावे कसे’. मग ‘चित्र बघताना’ (चित्र कुणालाच दिसत नसल्याने मतभेद होत नाहीत, ही मोठीच सोय). दुपारी कवीच्या कवितेवर समीक्षकाशी चर्चा. तीत कवीलाही आभार मानण्यापुरतं बोलू देत. आणि संध्याकाळी सगळ्यांचा लाडका ‘घरातला संवाद’.

हा कार्यक्रम ताई सादर करत. अख्खं गाव त्यांना ताईच म्हणे. “समोरच्याचं ऐकून घ्या” हे वाक्य त्या अशा काही मायेने उच्चारत की ऐकणाऱ्याला भरून येई. केंद्राच्या पाहणीनुसार त्र्याहत्तर टक्के कुटुंबं त्या वेळात आपसात चकार शब्द न काढता संवादाविषयी ऐकत. (उरलेल्यांचे रेडिओ बिघडलेले होते.)

सादरकर्त्यांनी घरीही केंद्राचे सर्व कार्यक्रम ऐकावेत असा नियम होता, आणि ताई नियमाला पक्क्या. एक रेडिओ स्वयंपाकघरात, एक झोपायच्या खोलीत. नवऱ्याने तोंड उघडलं की त्यांचा हात वर जाई. “एवढं संपू द्या.” ते संपे आणि पुढचं सुरू होई. नवरा समजूतदार होता. तो गुपचूप भाजी निवडायला बसे.

एका संध्याकाळी श्रोत्यांचे फोन घेणं चालू होतं. काचेपलीकडून तंत्रज्ञाने खूण केली.

“बोला, काय अडचण आहे?” ताई म्हणाल्या.

“उद्या सकाळी माझं हृदयाचं ऑपरेशन आहे. घरी सांगायचं राहिलंय. महिनाभर प्रयत्न करतोय.”

आवाज नवऱ्याचा होता. ताई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. पण स्टुडिओत शांतता पसरू देणं हा केंद्राच्या लेखी गुन्हा, आणि तंत्रज्ञ काचेवर टकटक करत होता. तोंड सवयीने आपोआप सुरू झालं.

“कुणाला सांगावंसं वाटतं?”

“बायकोला. सोबत आली तर बरं. भीती वाटते हो.”

“किती मोकळेपणाने बोललात! आता हेच त्यांचा हात हातात घेऊन सांगा.”

“तो वर असतो ना.”

तंत्रज्ञाने पुढचा फोन जोडला. त्या बाईंची मुलं ऐकत नव्हती.

कार्यक्रम संपताच ताई धावतपळत घरी आल्या. नवरा दारातच उभा होता. “अगं,” त्याने सुरुवात केली. तेवढ्यात स्वयंपाकघरात, लोकाग्रहास्तव, तोच भाग पुन्हा लागला. ताईंचा हात वर गेला.

“अहो, थांबा जरा! तुम्ही काय सांगताय ते नीट ऐकू द्या.”

त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि ढसाढसा रडल्या. सकाळी नवरा एकटाच इस्पितळात गेला. ताईंकडे ‘उठावे कसे’ची पाळी होती.

त्या भागाला वर्षातल्या सर्वोत्तम संवादाचं पारितोषिक मिळालं. कौतुकाची पत्रं पोत्याने आली. ऑपरेशनचं काय झालं, हे मात्र एकाही श्रोत्याने विचारलं नाही. तुम्ही नक्की विचाराल, तुम्ही हळवे वाचक आहात. फक्त त्याआधी मान वर करा. मघापासून शेजारी कुणीतरी तुम्हाला काहीतरी सांगतंय, आणि तुम्ही आतापर्यंत दोनदा नुसतं “हं” म्हणालात.